सहाणेपासून आयशॅडो पॅलेटपर्यंत : डोळ्यांच्या रंगांचा इतिहास आणि आपलं आरोग्य

समजा, तुमच्या हातात एक नवंकोरं, महागडं आयशॅडो पॅलेट आहे. सोनेरी कडेची डबी, आत आरसा, आठ-दहा रंगांचे चौकोन. सकाळी ऑफिसला फिक्या तपकिरी रंगाचा साधा लुक, संध्याकाळी रिसेप्शनला काळपट 'स्मोकी' लुक, हळदीला सोनेरी चमक, असं सगळं करून बघायचा मोह कुणालाही होईल. जरूर करा. पण असं पॅलेट घेतल्यावर अनेकांच्या मनात एक समजूत असते : "एवढं महाग आहे, म्हणजे डोळ्यांना सुरक्षितच असणार."

ही समजूत तपासायची तर थोडं मागे जावं लागेल, म्हणजे थेट पाच हजार वर्षं. डोळ्यांभोवतीचा रंग कधी राजघराण्याचा होता, कधी औषध म्हणून लावला गेला, कधी ब्यूटी पार्लरमध्ये विकला गेला. या सगळ्या प्रवासात डोळ्यांचं भलं-बुरं दोनच गोष्टींवर ठरत आलं आहे : रंग कशापासून बनवला आहे आणि तो डोळ्याच्या किती आत जातो. किमतीचा त्याच्याशी फारसा संबंध कधीच नव्हता.

पहिलं पॅलेट म्हणजे एक सहाण

आपल्याकडे गंध उगाळायला सहाण असते. प्राचीन इजिप्तमध्ये डोळ्यांचा रंग वाटायला अशाच दगडी पाट्या असत. पुरातत्त्वाच्या भाषेत त्यांनाही 'पॅलेट'च म्हणतात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'नार्मर पॅलेट'. इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० वर्षांची ही पाटी जेम्स क्विबेल आणि फ्रेडरिक ग्रीन या ब्रिटिश संशोधकांना १८९७-९८ च्या उत्खननात सापडली. तिची उंची जवळपास ६४ सेंटिमीटर आहे. तिच्यावर नार्मर राजाच्या विजयाची चित्रं कोरली आहेत. एका बाजूला दोन विचित्र प्राण्यांच्या लांब माना एकमेकींत गुंतून मध्ये एक गोल खळगा तयार झाला आहे. रोजच्या वापरातल्या पाट्यांवर रंग वाटायची जागा अशीच असे. एवढी मोठी पाटी बहुधा देवळातल्या विधीसाठी असावी.

त्या काळी मुख्य रंग दोन होते. हिरवा रंग मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजापासून आणि काळा रंग गॅलेना या शिशाच्या खनिजापासून मिळे. सुरुवातीला हिरव्याची चलती होती, पुढे काळा जास्त रुळला. स्त्रिया, पुरुष, लहान मुलं, सगळेच तो लावत. नाईलकाठचा प्रदेश म्हणजे धूळ, माश्या, कडक ऊन आणि डोळ्यांचे भरपूर आजार. साहजिकच हा रंग शोभेसाठी होता, तसाच औषध म्हणूनही होता. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराच्या 'एबर्स पपायरस' या वैद्यकीय हस्तलिखितात डोळ्यांवरचे अनेक उपचार दिले आहेत.

त्या काजळात शिसं मुद्दाम घातलेलं होतं

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्शियन प्रसाधनांच्या मूळ डब्या आहेत आणि काहींत पूडही शिल्लक आहे. फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पुडीचं रासायनिक विश्लेषण करून १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात गॅलेनासोबत शिशाची आणखी दोन संयुगं सापडली, लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट. ती निसर्गात क्वचितच मिळतात. म्हणजे कुणीतरी ती मीठ-पाण्यात कित्येक आठवडे प्रक्रिया करून तयार केली होती.

इतकी मेहनत कशासाठी? २०१० मध्ये याच विषयावर आणखी एक संशोधन झालं. त्वचेच्या पेशींना या संयुगाचा अगदी अल्प डोस दिल्यावर त्यांनी नायट्रिक ऑक्साइड जास्त प्रमाणात तयार केला, असं प्रयोगशाळेत दिसलं. हा पदार्थ शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेतो. त्यामुळे त्या काजळाने डोळ्यांच्या जंतुसंसर्गाला थोडाफार आळा बसत असेल, असा तर्क मांडला गेला.

हा तर्क वाचून "बघा, शिशाचं काजळ औषधीच होतं" असा निष्कर्ष मात्र काढू नका. हा प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झाला होता. वर्षानुवर्षं शिसं शरीरात साठलं की काय होतं, हे त्यातून कळत नाही. ते आपल्याला दुसरीकडून चांगलं माहीत आहे.

आपल्याकडचं अंजन, सुरमा आणि काजळ

आपल्या परंपरेतही अंजनाला मान आहे. चरकसंहितेत दिनचर्या सांगताना सौवीरांजन रोज आणि रसांजन पाच किंवा आठ रात्रींतून एकदा घालायला सांगितलं आहे. दुसऱ्याचा हेतू डोळ्यांतून पाणी वाहून जावं हा होता.

इथे एक फरक लक्षात घ्या. आजी दिव्यावर तांब्याचं किंवा चांदीचं ताट धरून धरते ते काजळ म्हणजे काजळी, अर्थात कार्बन. त्यात शिसं घातलेलं नसतं. तिथे अडचण वेगळी आहे : ते निर्जंतुक नसतं आणि बोटाने घालताना नखातले जंतू डोळ्यात जातात. सुरमा मात्र खनिजाची पूड असते. मुळात तो अँटिमनीचा मानला जातो. पण अँटिमनीचं आणि शिशाचं खनिज दोन्ही काळी-करडी आणि चकाकणारी असतात. बाजारातल्या अनेक सुरम्यांच्या तपासणीत प्रत्यक्षात शिशाचं सल्फाइड आढळलं आहे.

यात खरा धोका तान्ह्या बाळांना आहे. डोळ्यातलं पाणी अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून घशात उतरतं. (डोळ्यात औषधाचे थेंब घातल्यावर घशाला कडू लागतं, ते यामुळेच.) शिवाय बाळ डोळे चोळतं आणि तेच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्या माणसांच्या चार ते पाच पट शोषलं जातं. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिकण्याची क्षमता आणि एकाग्रता कमी होते, रक्तक्षय होतो. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२०११ मधलं अमेरिकेतल्या बॉस्टनचं एक उदाहरण वैद्यकीय नोंदीत आहे. नायजेरियन कुटुंबातल्या सहा महिन्यांच्या बाळाच्या रक्तात शिशाचं प्रमाण प्रति डेसिलिटर १३ मायक्रोग्रॅम निघालं. घरात शिशाचा रंग नव्हता, नळाच्या पाण्यात दोष नव्हता. बाळाच्या पापण्यांना 'टिरो' नावाचा सुरम्यासारखा पदार्थ लावला जात होता. तपासल्यावर त्यात ८२.६ टक्के शिसं निघालं! लावणाऱ्यांनी तो मायेनेच लावला होता. आपल्याकडच्या घरांतही हे मायेपोटीच होतं, म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतो आहे.

रंगमंचावरून पार्लरमध्ये

युरोपात दीर्घकाळ सभ्य घरातली स्त्री डोळे रंगवत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बदलू लागलं. १९१० मध्ये पॅरिसला रशियन बॅले कंपनीच्या 'शेहेराझाद'ने भडक पौर्वात्य रंगांचं वेड लावलं. १९२२ मध्ये तुतनखामनची कबर सापडली आणि इजिप्शियन डोळ्यांची फॅशन आली. सिनेमाने ती घराघरांत पोचवली. पुढे १९६३ च्या 'क्लिओपात्रा'मधल्या एलिझाबेथ टेलरच्या निळ्या पापण्या तर आजही नकलल्या जातात.

पण मागणी वाढली तेव्हा नियम कुठेच नव्हते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचे केस आणि भुवया रंगवायचा डाय पार्लरमध्ये वापरला जात होता. त्यात पॅराफिनिलिनडायअमिन हे रसायन होतं. काही स्त्रियांच्या पापण्या भयंकर सुजल्या आणि बुबुळांवर जखमा झाल्या. किमान एक स्त्री आंधळी झाली आणि एकीचा मृत्यू झाला. तिथल्या सरकारी औषध प्रशासनाला मात्र हे उत्पादन थांबवता येईना, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. शेवटी त्यांनी अशा घातक उत्पादनांचं एक प्रदर्शन भरवलं. त्यात डाय लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो लोकांना दाखवले. १९३७ मध्ये सल्फानिलमाइडच्या विषारी औषधाने शंभरावर बळी घेतले आणि १९३८ मध्ये नवा कायदा झाला. त्याखाली जप्त झालेलं पहिलं उत्पादन म्हणजे हेच लॅश ल्यूर.

हे रसायन आजही केसांच्या अनेक डायमध्ये असतं. झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही ते मिसळलेलं सापडतं. म्हणून केसांचा डाय कधीही भुवयांना किंवा पापण्यांना लावू नका.

भारतात १९४० चा औषध कायदा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनं आली. रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला आपल्या नियमांत बंदी आहे. २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली आली. अर्थात, लेबल नसलेल्या डबीला किंवा जत्रेतल्या पुडीला हे नियम लागू करणार कोण?

आता तुमचं पॅलेट उघडू या

*साधा तपकिरी लुक :* मॅट तपकिरी रंग बहुतेक लोखंडाच्या ऑक्साइडपासून येतो, म्हणजे आपल्या गेरूचाच शुद्ध केलेला भाऊ. सोबत शंखजिऱ्याची पूड किंवा अभ्रक असतं. पापणीच्या बाहेरच्या त्वचेवर राहिला तर हा सर्वांत निरुपद्रवी लुक. मात्र शंखजिरं खाणीतून येतं आणि त्याच्या शेजारी अॅस्बेस्टॉस असू शकतं. २०१९ मध्ये अमेरिकेत काही मेकअप उत्पादनांत, आयशॅडोतसुद्धा, ते सापडलं होतं. म्हणून पूड जोरात फुंकू नका.

*चमकदार लुक :* ही चमक टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या अभ्रकाची असते. तिचे कण बारीक असतात. पण मोठ्या कणांचं ग्लिटर, त्यातही शाळेच्या क्राफ्टचं, डोळ्यात गेलं तर बुबुळावर ओरखडा उठतो. डोळ्यांसाठी तयार केलेलंच ग्लिटर वापरा.

*लाल, जांभळा, निऑन लुक :* लालसर छटांमध्ये कोचिनील या किड्यापासून काढलेला कार्माइन असू शकतो. त्याची काहींना अॅलर्जी असते, आणि शाकाहारी मंडळींनाही हे माहीत असलेलं बरं. काही भडक रंगांना अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायची परवानगी नाही. अशा पॅलेटवर 'प्रेस्ड पिगमेंट' असं नाव आणि 'डोळ्यांजवळ वापरू नये' अशी बारीक अक्षरातली सूचना असते. महागड्या डबीवरही ती शोधा.

*स्मोकी लुक :* हा दिसतो सुंदर, पण डॉक्टर म्हणून मी याच्याकडेच जास्त लक्ष देतो. यात काजळ पेन्सिल पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर फिरवतात. तिथे तेल स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींची तोंडं असतात. हे तेल अश्रू लवकर सुकू देत नाही. तोंडं बुजली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, रांजणवाडी होते. आतून लावलेला रंग अश्रूंमध्येही लवकर मिसळतो. रेघ पापण्यांच्या केसांच्या बाहेरून ओढा. लुकमध्ये फारसा फरक पडत नाही.

एवढं पाळा

- नवं पॅलेट आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते.
- दुकानातला टेस्टर डोळ्यांना लावू नका, हाताच्या पाठीवर रंग बघा. तो ब्रश अनेकांच्या डोळ्यांवरून फिरलेला असतो.
- मस्कारा तीन ते सहा महिन्यांनी टाकून द्या, किंमत कितीही असो. दूषित मस्कारामुळे स्यूडोमोनास जंतूंचे बुबुळावरचे व्रण झाल्याची नोंद १९७७ पासून आहे.
- काजळ, मस्कारा आणि ब्रश मैत्रिणीला किंवा बहिणीलाही देऊ नका. लग्नात मेकअप आर्टिस्टला ब्रश स्वच्छ केलेत का, हे नि:संकोच विचारा.
- कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढा.
- डोळे आले असतील तर मेकअप बंद ठेवा. त्या काळात वापरलेलं काजळ आणि मस्कारा फेकून द्या.
- तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ नको, सुरमा तर नकोच. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती तळपायाला लावा. बाळाला बरेच दिवस सुरमा घातला असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

मेकअपनंतर डोळा नुसता लाल झाला तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि काही तास वाट पाहा. पण दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा पू येत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका. जंतुसंसर्ग असेल तर ते आगीत तेल ओततात.

डोळे रंगवण्याची हौस माणसाने पाच हजार वर्षं सोडलेली नाही आणि सोडायचं कारणही नाही. दुकानात किंमत विचाराल तेव्हा डबी उलटी करून मागचं लेबलही वाचा, आणि रंग पापणीच्या बाहेरच थांबवा.