तीन राजांचे फेस्त

गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा ६ जानेवारीचा सण. २५ डिसेंबरपासूनचे नाताळचे बारा दिवस या सणाने पुरे होतात. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून ज्ञानी पुरुष आले, अशी कथा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिथे त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ती तीन मानली गेली. गास्पार, मेल्किओर आणि बाल्थाझार ही नावे नंतरच्या परंपरेतली. साष्टीतील चांदर, मुरगाव तालुक्यातील कासावली आणि बार्देशातील रेईश मागूश येथील फेस्ते विशेष प्रसिद्ध आहेत. रेईश मागूशचे चर्च १५५५ सालचे.

कासावलीत कासावली, कुएली आणि आरोशी या तीन गावांतील एकेक मुलगा राजा होतो. डोक्यावर मुकुट, अंगात झगझगीत झगा, स्वारी घोड्यावर. घोडा अधीर झाला तर लगाम धरायला शेजारी मोठे माणूस. तिघे तीन वेगळ्या वाटांनी निघतात आणि कुएलीच्या टेकडीवरील रेमेदी सायबिणीच्या कपेलापाशी भेटतात. मग मिस्सा होते. राजा झालेल्या पोराला पाहायला अख्खा गाव हौसेने टेकडी चढतो.