एकाच वाड्यातील चार भावंडे : ‘वाडा चिरेबंदी’ आणि विदर्भातील वतनदारीचा अस्त

१/
एक आई, एक अंगण, एकच आडनाव. तरीही चार भावंडांच्या वाट्याला चार निराळी आयुष्ये का यावीत? १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाच्या मुळाशी हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्वभावात थोडे आणि इतिहासात बरेच सापडते.

२/
प्रथम ‘देशपांडे’ या नावाविषयी. मुसलमानी आणि मराठा अमदानीत परगण्याचा वसूल देशमुख पाही व त्याचा हिशेब देशपांडे ठेवी. हे वतन पिढीजात होते. इंग्रजी अमलात हे अधिकार ओसरले. मात्र जमीन, वाडा आणि गावातला मान मागे उरला. कामावाचून मिळणारा मान हाच पुढे या घराण्यांचा संस्कार बनला.

३/
स्वातंत्र्यानंतर त्या मानाखालची जमीनही सरकली. विदर्भासाठीचा कूळकायदा १९५८ चा, तर महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६१ चा. कसणाऱ्या कुळांना त्यामुळे न्याय मिळाला, हे विसरता येत नाही. ज्यांनी स्वतः कधी नांगर धरला नव्हता, त्या घरांपुढे मात्र प्रथमच प्रश्न उभा राहिला : आता करायचे काय?

४/
एलकुंचवार यांचा जन्म १९३९ चा, यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी, जमीनदार कुटुंबातला. लहान वयातच ते शिक्षणासाठी घराबाहेर पडले आणि पुढे नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करू लागले. वाडा आतून जाणणारा आणि बाहेरून पाहू शकणारा, असा हा लेखक होता.

५/
नाटक सुरू होते ते कर्त्या पुरुषाच्या, तात्याजींच्या, मृत्यूनंतरच्या सुतकात. घरात काळाचे भान हरपलेली म्हातारी दादी आहे, तर दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. नवे यंत्र विकत घेता आले, त्यासोबत लागणारी श्रमाची सवय मात्र विकत मिळाली नाही.

६/
भास्कर हा थोरला. थोरलेपण हाच त्याचा व्यवसाय. तेरवीला गावजेवण घालायचे, पूर्वीचा थाट राखायचा, हा त्याचा आग्रह. त्याला केवळ हेकट म्हणून सोडून देता येत नाही. घराण्याचे नाव राखणे एवढी एकच विद्या त्याला लहानपणापासून शिकवण्यात आली होती.

७/
सुधीर शिकला आणि मुंबईला नोकरीला लागला. गावाच्या नजरेत तो सुटला, सुखी झाला. प्रत्यक्षात महानगरातील संसार ओढगस्तीचा. खर्चाचा विषय निघतो तेव्हा थोरल्याला वाटते, धाकट्याने अंग काढून घेतले. धाकट्याला वाटते, शेतीचे उत्पन्न थोरल्यानेच भोगले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

८/
चंदू बोलत नाही. घरातील कष्टाची कामे तोच उपसतो. ज्या घरात अंगमेहनत हलकी मानली गेली, त्या घराला नोकर परवडेनासे होताच ते श्रम पोटच्याच एका मुलावर येऊन पडले. जातीने व आडनावाने तो देशपांडे. दिवसभराच्या कामाने घरचा गडी. एकाच छपराखाली दोन वर्ग कसे तयार होतात, हे त्याच्याकडे पाहून कळते.

९/
आणि प्रभा. बुद्धी होती, शिकण्याची ओढ होती. पण देशपांड्यांची मुलगी शिक्षणासाठी परगावी जाणे वडिलांना मान्य नव्हते. एका भावाला ज्या शिक्षणाने शहर दिले, तेच तिला नाकारले गेले. घराण्याची प्रतिष्ठा जपण्याची सर्वांत मोठी किंमत तिने मोजली आणि त्या प्रतिष्ठेतला वाटा मात्र तिला कधीच मिळाला नाही.

१०/
कायदाही तिच्या बाजूने पुरता उभा नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ नुसार अविवाहित मुलीला वडिलोपार्जित घरात राहण्याचा हक्क होता. पण पुरुष वारस वाटणी करीत नाहीत तोवर त्या घराची वाटणी मागण्याचा हक्क नव्हता. प्रभाची अवस्था नेमकी हीच. वाड्यात राहता येते, वाड्यावर हक्क सांगता येत नाही.

११/
याच सुमारास इंग्लंडमध्येही असाच प्रश्न रंगमंचावर आला होता. विली रसेल यांच्या ‘ब्लड ब्रदर्स’ (१९८३) या संगीतनाटकात लिव्हरपूलमधील जुळी भावंडे जन्मताच विभक्त होतात. एक श्रीमंताघरी, एक गरीब आईजवळ. तिथे दोन घरे दोन नशिबे घडवतात. एलकुंचवार दाखवतात ते अधिक अस्वस्थ करणारे आहे : नशिबे निराळी होण्यासाठी दुसऱ्या घराची गरजच नसते. जन्मक्रम आणि लिंग एवढे पुरते.

१२/
पुढची पिढीही त्या संस्कारातून सुटत नाही. भास्करचा मुलगा पराग व्यसनाच्या वाटेला लागतो. सिनेमाच्या स्वप्नात रमलेली रंजू घरातील दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरासोबत निघून जाते. ज्या सोन्याच्या आधारावर घराण्याचा डोलारा उभा होता, तेच सोने त्या घरातल्या लेकीबरोबर बाहेर पडते.

१३/
‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाटकांसह ही त्रयी पूर्ण झाली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग सादर केली. योगायोग असा की, त्याच वर्षी महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः समान हक्क दिला. देशभर तशी तरतूद झाली ती २००५ मध्ये, आणि कलम २३ ही तेव्हाच वगळले गेले.

१४/
कूळकायद्याने जमिनीची वाटणी बदलली, वारसा कायद्याने घराची. परंतु कोणी शिकायचे, कोणी राबायचे, कोणी मान मिरवायचा आणि कोणी गप्प बसायचे, ही वाटणी सातबाऱ्यावर कधीच नोंदली जात नाही. ती स्वयंपाकघरात, ओसरीवर, मुले लहान असतानाच होऊन जाते. म्हणूनच चिरे ढासळले तरी वाडा माणसांच्या मनात उभाच राहतो.