गोठवलेल्या स्त्रीबीजाची कुळकथा

गोठवलेलं वीर्य द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून थेट गोठ्यापर्यंत पोचतं, हे आपल्याकडच्या गाई-म्हशी पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. मादीच्या बीजाला मात्र ही थंडी फार उशिरा मानवली.

या कुळाचा मूळपुरुष ग्लिसरॉल. लंडनमधल्या मिल हिल इथं ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवू पाहत होते. शुक्रजंतू मरत होते. मग शीतकपाटातल्या एका जुन्या बाटलीतल्या द्रावणात ते अचानक जगले. तपासणीत कळलं, लेबल चुकलं होतं. आत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या चुकीच्या बाटलीची गंमत वाटते, पण मला मोल वाटतं ते आत काय आहे हे शोधत बसलेल्या माणसांचं.

पुढचा क्रम मात्र उलटाच लागला. उंदराचे भ्रूण १९७२ मध्ये उणे १९६ अंशांतून जिवंत परतले, आणि फलित न झालेलं बीज त्यानंतर, १९७७ मध्ये. दोन्ही कामांत डेव्हिड व्हिटिंगहॅम होते. वितळवलेल्या बीजांचं काचपात्रात फलन करून त्यांनी पिल्लं जन्माला आणली.

बीज इतकं अवघड का? भ्रूणातल्या काही पेशी मेल्या तरी उरलेल्या तो सावरून नेतात. बीज एकटी पेशी, तीही मोठी. गोठण्याआधी तिच्यातलं पाणी सावकाश बाहेर पडतं, आत राहिलं तर त्याचा बर्फ होतो. शिवाय अंडाशयातून सुटलेलं बीज विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेलं असतं. त्याची गुणसूत्रं अतिसूक्ष्म तंतूंच्या चातीवर मांडलेली असतात आणि हे तंतू नुसत्या गारव्यानंही विरघळतात. भरीला बीजाचं बाह्य आवरण घट्ट होतं, मग शुक्रजंतूला आत शिरता येत नाही.

यावर उतारा मिळाला वेगाचा. विल्यम रॉल आणि ग्रेगरी फाही यांनी १९८५ मध्ये उंदराचे भ्रूण स्फटिक होऊ न देता काचेसारखे घट्ट करून दाखवले. १९९८ मध्ये गाबोर वायटा आणि सहकाऱ्यांनी ओढून बारीक केलेल्या प्लास्टिकच्या नळीत गाईची बीजं व भ्रूण मिनिटाला २०,००० अंशांहून अधिक वेगानं थंड केले.

तरी गाईच्या गोठवलेल्या बीजांपासून ताज्या बीजांपेक्षा कमी भ्रूण तयार होतात. डुकराच्या बीजात चरबीचे थेंब भरपूर असल्यानं तिथं काम आणखी कठीण आहे.