१८६५० घट

१८६५० घट हा पुन्हा प्रभारित करता येणारा, दंडगोलाकार लिथियम-आयन विद्युतघट आहे. नावातील १८ हा आकडा मिलिमीटरमधील व्यास, ६५ हा लांबी आणि शेवटचे शून्य दंडगोल आकार दर्शवते. विजेऱ्या, पॉवर बँक, जुने लॅपटॉप, विद्युत दुचाकी आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट यांत हा घट वापरला जातो. उपकरणात नियंत्रक मंडलासह कायम बसवलेल्या घटापेक्षा सुटा विकला जाणारा घट अधिक धोकादायक असतो.

रचना

घटाचा नाममात्र विभवांतर ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण प्रभारित अवस्थेत तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. घटाचा जवळजवळ संपूर्ण धातूचा डबा ऋणाग्र असतो. धनाग्र केवळ वरच्या टोकाला असून त्या दोहोंमध्ये एक अरुंद विसंवाहक कडे आणि प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन एवढेच अंतर असते. त्यामुळे वेष्टन फाटलेला घट खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते. घट ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की आतील रासायनिक अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करत वेग घेतात, ज्वलनशील वायू बाहेर पडतो आणि घट पेटतो किंवा फुटतो.

काही घटांच्या तळाशी संरक्षक मंडल जोडलेले असते. असे घट ६५ मिलिमीटरपेक्षा काहीसे लांब असल्याने प्रत्येक उपकरणात बसत नाहीत.

क्षमता आणि प्रवाह

ग्राहक सहसा मिलिअँपिअर-तासांत छापलेली क्षमता पाहतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र घट सतत किती अँपिअर प्रवाह देऊ शकतो, हा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. एकाच आकाराच्या डब्यात क्षमता वाढवली की प्रवाह देण्याची ताकद बहुधा घटते. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या २५आर या घटाची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास असून त्याची सतत प्रवाहाची मर्यादा २० अँपिअर आहे. ३४०० मिलिअँपिअर-तासांचे अनेक घट याच्या निम्माही प्रवाह सुरक्षितपणे देऊ शकत नाहीत. या आकाराच्या घटाची क्षमता सुमारे ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या फारशी पुढे जात नाही. म्हणून ‘९९००’ असा आकडा छापलेला घट निःसंशय खोट्या माहितीचा समजावा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या घटांना नवे वेष्टन चढवूनही असे घट तयार केले जातात.

इलेक्ट्रॉनिक सिगारेट

नियंत्रक मंडल नसलेल्या यांत्रिक इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये घट थेट तापक तारेला जोडला जातो. तारेचा रोध ०.२ ओहम असल्यास ओहमच्या नियमानुसार ४.२ व्होल्टला २१ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे वर उल्लेखिलेल्या २० अँपिअरच्या घटाचीही मर्यादा ओलांडली जाते. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा उपकरणाच्या स्फोटाने मृत्यू झाले. जानेवारी २०२१ मध्ये तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सुटे १८६५० घट न वापरण्याचा इशारा दिला.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतर त्याच वर्षीच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण वगळता इतर पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बंदी उपकरणावर आहे. घट मात्र इतर वस्तूंसाठी सर्रास विकला जातो.

ग्रामीण महाराष्ट्रातील वापर

कृषिपंपांना अनेकदा रात्रीचा वीजपुरवठा मिळत असल्याने पिकांना पाणी देण्यासाठी विजेरी लागते. (बोलीभाषेत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणत असल्याने घट आणि उपकरण यांत गल्लत होते.) मंगळवेढ्यासह सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपुढे जाते, तर बहुतेक घटांची प्रभारणाची कमाल मर्यादा ४५ अंश असते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या वाहनात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे तेथे घट प्रभारित करणे टाळावे.

निवड आणि विल्हेवाट

भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेखालील घटांना आयएस १६०४६ हे मानक लागू आहे. वेष्टनावर किंवा खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. उपकरणात एकाहून अधिक घट असल्यास ते एकाच बनावटीचे, एकाच वयाचे आणि नेहमी एकत्रच प्रभारित केलेले असावेत. लिथियम आयर्न फॉस्फेट घटाची प्रभारण मर्यादा सुमारे ३.६५ व्होल्ट असते, तो ४.२ व्होल्टच्या चार्जरवर लावू नये.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेले घट गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. फुगलेला, गळका किंवा वेष्टन फाटलेला घट घंटागाडीतील ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलकाकडे द्यावा.