मुलांचें मुकें दुःख

धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना देवळाची कोनशिला, घंटा, शाळा आणि धर्मगुरूंची नामावली ह्यांची नोंद अगत्यानें होते. सवंगड्याच्या मृत्यूनें लहान मुलांच्या मनांस झालेली जखम मात्र कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. तिच्याकडे लक्ष न गेल्यास काय होतें, हें अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एका कॅथलिक धर्मग्रामाच्या वृत्तांतावरून दिसून येतें.

सोमवार, १ डिसेंबर १९५८ रोजीं दुपारीं, शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असतां, 'आवर लेडी ऑफ दि एंजल्स' शाळेच्या जिन्याच्या तळाशीं आग लागली. धुरानें वरच्या मजल्याची वाट कोंडली. ह्या आगींत ९२ मुलें व त्यांस शिकविणाऱ्या ३ धर्मभगिनी मृत्यु पावल्या. ५ डिसेंबर रोजीं २७ बालकांच्या शवपेट्या एकत्र ठेवून मिस्सा अर्पण झाला. पुढें देशांतील हजारों जुन्या शाळांत आगीपासून बचावाची व्यवस्था करण्यांत आली, आणि १९६० सालीं ह्या धर्मग्रामाची नवी शाळाहि उघडली.

इमारतींची काळजी घेतली गेली. मनांची राहून गेली. वांचलेल्यांपैकीं कित्येकांनीं प्रौढपणीं सांगितलें कीं, त्या दिवसाविषयीं बोलूं नये, मागचें विसरून अभ्यासास लागावें, असेंच त्यांस सांगण्यांत आलें होतें. मोठ्यांचा हेतु वाईट नव्हता. न बोलल्यानें मूल विसरेल, अशीच त्या काळची समजूत होती. परंतु मूल विसरलें नाहीं. तें एकटें पडलें.

वेल्समधील अबरफान गांवींहि २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं कोळशाच्या खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळून ११६ मुलें व २८ मोठीं माणसें दगावलीं. ज्यांचीं लेंकरें गेलीं त्या आईबापांस आपल्याला पाहून दुःख होईल, म्हणून वांचलेलीं मुलें कित्येक दिवस रस्त्यावर खेळेनात. जिवंत राहणें हाच जणूं त्यांस आपला अपराध वाटला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ह्यांपैकीं ४१ जणांची विचारपूस झाली. जवळजवळ निम्म्यांस त्या आघाताचा मनोविकार आयुष्यांत केव्हां ना केव्हां जडला होता.

ह्या दोन्ही गांवांचा बोध आपल्या घरांस लागू आहे. मृत्यु घडला तर मुलास 'मित्र मेला' असें साध्या शब्दांत सांगावें. 'तो झोंपला' म्हटल्यास तें झोंपेलाच भिऊं लागतें. 'देवानें नेलें' एवढेंच म्हटल्यास देवाला. तुझ्या रागानें वा तुझ्या चुकीनें हें घडलें नाहीं, असें त्यास स्पष्ट सांगावें. त्याची इच्छा असल्यास अंत्यविधीस बरोबर न्यावें, आणि तेथें काय दिसेल तें आधीं समजावून द्यावें. तेंच मूल घटकेंत रडेल, घटकेंत खेळेल. त्याबद्दल रागावूं नये. शाळा, जेवण, सायंप्रार्थना नित्याप्रमाणें चालूं द्यावीं. मुलानें एकच प्रश्न दहा वेळां विचारला, तरी दहा वेळां उत्तर द्यावें.

लाजरसाच्या कबरेपाशीं प्रभु येशूनें सर्वांदेखत अश्रू ढाळले. मग आपण मुलांपासून आपले अश्रू कां लपवावे? येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनीं, मुलांस कबरस्थानांत बरोबर आणावें, त्यांच्या हातीं मेणबत्ती द्यावी, आणि गेलेल्या सोबत्याचें नांव त्यांस मोठ्यानें घेऊं द्यावें.