हौशी हातांचें वाद्य

घरांत एखादें वाद्य आणावयाचें ठरलें म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो असा, कीं "सर्वांत चांगलें कोणतें?" मागच्या पिढ्यांनीं हा प्रश्न पेटीविषयीं विचारला, आजची तरुण पिढी तो गिटारविषयीं विचारते. दिवसाचें काम संपल्यावर घटकाभर तारा छेडाव्या, चार गाणीं म्हणावीं, एवढीच ज्याची आकांक्षा, तोहि दुकानांत गेला कीं एखाद्या नामांकित कलावंताच्या हातांत दिसलेल्या वाद्याकडे बोट दाखवितो. आणि मग असें वाद्य थोड्याच महिन्यांत भिंतीवरील खुंटीची शोभा होऊन बसतें. गिटारचा इतिहास पाहूं गेल्यास मुळीं हा प्रश्नच चुकीचा आहे असें दिसून येईल. प्रत्येक गिटार कोणाच्या तरी विशिष्ट गरजेंतून घडलेली आहे. ती गरज आपली कीं दुसऱ्याची, हें ओळखणें हीच खरी निवड होय.

हौशी वादकाचा तिरस्कार मात्र फार जुना आहे. सोळाव्या शतकांत स्पेनमध्यें विह्वेला नांवाचें वाद्य दरबारी मंडळींत प्रतिष्ठा पावलें होतें. लुईस मिलान याचा त्या वाद्याचा ग्रंथ १५३६ सालीं वॅलेन्सिया येथें छापला गेला. गिटार ही त्याच कुळांतील साधी, धाकटी बहीण. १६११ सालीं सेबास्तियान दे कोवारुबियास या कोशकारानें आपल्या स्पॅनिश कोशांत खेद प्रकट केला, कीं विह्वेला मागें पडली आणि तिची जागा घेणारी गिटार इतकी सोपी, कीं तबेल्यांतील मोतद्दारहि तिजवर वादक म्हणून मिरवितो! पंडिताच्या या निंदेंतच गिटारच्या दीर्घायुष्याचें मर्म सांपडतें. १६०६ सालीं फ्लॉरेन्स येथें जिरोलामो मोंतेसार्दो यानें एक पुस्तक छापलें. त्यांत डाव्या हाताच्या बोटांच्या एकेका ठेवणीस एकेक अक्षर दिलेलें होतें. अक्षर पाहावें, बोटें ठेवावीं, उजव्या हातानें सर्व तारा एकदम छेडाव्या, कीं गाण्याची साथ सिद्ध! आजचीं कॉर्डांचीं पुस्तकें हीं त्याच कल्पनेचीं वंशज होत. १६७४ सालीं गास्पार सान्झ यानें सारागोसा येथें शिकाऊ वादकांसाठीं विस्तृत ग्रंथ काढला. दरबारची विह्वेला लोपली. मोतद्दाराची गिटार जगली.

इ. स. १८०० च्या सुमारास गिटारच्या जोडतारा जाऊन सहा एकेरी तारा रूढ झाल्या, आणि पॅरिस, व्हिएन्ना, लंडन येथील सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत तिचा प्रवेश झाला. फेर्नांदो सोर आणि माउरो ज्युलियानी हे त्या काळचे थोर वादक. परंतु त्यांचा चरितार्थ केवळ रंगमंचावर चालला नाहीं. विद्यार्थ्यांस शिकविणें आणि हौशी लोकांस वाजवितां येतील अशा रचना छापून विकणें, हेंहि त्यांस करावें लागे. त्या काळची गिटार अंगानें लहान, कमरेंत बारीक आणि तांतीच्या तारांची होती. कारण तिला एक खोली भरून टाकावयाची होती, नाट्यगृह नव्हे.

तिला आजचें रूप देणारा कारागीर म्हणजे आन्तोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२). त्यानें सेव्हिल येथें गिटारचें अंग वाढविलें, तबली पातळ केली आणि तिच्या आंतल्या बाजूस पंख्याच्या काड्यांप्रमाणें पट्ट्या बसविण्याची पद्धत परिपक्व केली. अशा कारागिरासहि १८७० च्या सुमारास अल्मेरिया या आपल्या प्रांतीं परत जाऊन चिनीमातीच्या भांड्यांचें दुकान थाटावें लागलें! त्याच्या एका प्रयोगाची हकीकत प्रत्येक गिटार घेणारानें लक्षांत ठेवावी अशी आहे. १८६२ सालीं त्यानें एक गिटार अशी बनविली, कीं तिची तबली नेहमींप्रमाणें लांकडाची, पण पाठ आणि कुशी चक्क पुठ्ठ्याच्या! वाद्याचा आवाज मुख्यत्वें तबलीवर अवलंबून असतो, हें त्यास दाखवावयाचें होतें. ती गिटार बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे.

या प्रयोगाचा अर्थ आपल्या बाजारास लावून पाहावा. आज स्वस्त गिटारची तबली बहुधा प्लायवुडची, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली असते. त्याहून बरी गिटार स्प्रूस किंवा सीडर या लांकडाच्या अखंड फळीच्या तबलीची. पहिली टिकाऊ, पण आवाजानें मंद. दुसरी मोकळ्या गळ्याची, पण हवेस हळवी. पैसा मोजकाच असेल तर तो तबलीवर खर्चावा. पाठीच्या लांकडावर आणि शिंपल्याच्या नक्षीवर नव्हे.

पाठीच्या लांकडाचा विषय निघाला म्हणजे आपल्या सह्याद्रीचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. उत्तम गिटारच्या पाठीस फार काळ ब्राझीलमधील रोजवुड वापरीत. त्याचा पुरवठा आटल्यावर मार्टिन या अमेरिकन कारखान्यानें १९६९ सालीं आपल्या नेहमींच्या गिटारांसाठीं हिंदी रोजवुड, म्हणजे पश्चिम घाटांत व दक्षिणेंत वाढणारा आपला शिसवी वृक्ष, पतकरला. ब्राझीलच्या त्या झाडाच्या व्यापारावर १९९२ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें अत्यंत कडक बंधनें आलीं. २०१७ मध्यें शिसवीसह त्या कुळांतील इतर वृक्षहि परवान्याच्या कक्षेंत आले, आणि तयार वाद्यांस २०१९ मध्यें त्यांतून सूट मिळाली. वाड्यांच्या दारांत आणि देव्हाऱ्यांत दिसणारें हें लांकूड जगभरच्या गिटारांतून नादतें, याचा अभिमान अवश्य वाटावा. पण तोर्रेसचा पुठ्ठा विसरून केवळ त्या अभिमानापोटीं दुप्पट किंमत मोजूं नये.

आतां आकाराविषयीं. वर उल्लेखिलेल्या कारखान्याचा संस्थापक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनींतील मार्कनॉयकिर्खेन गांवचा. तेथील व्हायोलिनकारांच्या श्रेणीचें म्हणणें असें, कीं गिटार करण्याचा हक्क आमचा. सुतारांच्या श्रेणींतील लोकांनीं लांकडी सामान करावें. या तंट्यास कंटाळून मार्टिन १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेला आणि पुढें १८३९ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ येथें स्थायिक झाला. त्याच्याहि गिटारी आरंभीं लहान अंगाच्या, दिवाणखान्यांत वाजविण्याजोग्या होत्या. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं परिस्थिति पालटली. बँजो आणि मॅंडोलिनच्या मेळ्यांत, नृत्याच्या वाद्यवृंदांत गिटारचा आवाज बुडूं लागला. म्हणून पोलादी तारा आल्या आणि अंग वाढत गेलें. १९१६ सालीं ऑलिव्हर डिटसन या व्यापारी कंपनीसाठीं मार्टिननें एक प्रचंड गिटार काढली, आणि १९३१ पासून ती स्वतःच्या नांवानें विकली. तिला नांव मिळालें तें "ड्रेडनॉट". ब्रिटिश आरमाराच्या १९०६ सालच्या सुप्रसिद्ध युद्धनौकेचें! आज दुकानांत सर्वांत अधिक टांगलेली दिसते ती हीच. माईक नसतां गर्दीवर आवाज चढविणें ही ज्यांची गरज होती, त्यांच्यासाठीं ती जन्मली. बारा फूट लांबीच्या खोलींत, शेजारी निजलेले असतांना, मांडीवर युद्धनौका घेण्याचें प्रयोजन काय?

तारांची गोष्टहि अशीच. पोलादी तारांच्या हलक्या संचाचा एकूण ताण सुमारे ७५ किलो, तर नायलॉनच्या तारांचा सुमारे ४० किलो असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तांतीचा तुटवडा पडल्यावर आल्बर्ट ऑगस्टीन या न्यूयॉर्कच्या कारागिरानें नायलॉनच्या तारा प्रचारांत आणल्या, हें नवशिक्याच्या कोंवळ्या बोटांवर उपकारच म्हणावयाचे. तारा कोणत्याहि असोत, त्या पडद्यांपासून फार उंच नसाव्या. बाराव्या पडद्यावर जाड तारेखालीं पोलादी गिटारीस सुमारे २.५ मिलिमीटर, नायलॉनच्या गिटारीस सुमारे ४ मिलिमीटर अंतर हें साधारण प्रमाण होय. आमच्याकडील पावसाळ्यांत दमट हवेनें तबली फुगते आणि तारा वर चढतात. त्या वेळीं "मला संगीत साधणार नाहीं" असें म्हणून वाद्य ठेवून देणाऱ्या कित्येकांस मुळांत वाद्याच्या दुरुस्तीचीच गरज असते. म्हणून सारे पैसे गिटारींतच न घालतां कांहीं रक्कम तारांची उंची नीट करून घेण्यासाठीं आणि ती ठेवण्याच्या पेटीसाठीं राखून ठेवावी, हें शहाणपणाचें.

तात्पर्य, हौशी वादकानें लहान अंगाची, अखंड तबलीची, बोटांस सुलभ अशी गिटार घ्यावी. ती मांडीवर घेऊन पाहावी, आणि वाजवितां येत नसेल तर दुकानदाराकडून वाजवून घेऊन डोळे मिटून ऐकावी. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. चारशें वर्षें या वाद्यास जगविलें तें दरबारानें नव्हे. काम संपल्यावर हात पुसून तारांशीं बसणाऱ्या सामान्य माणसांनीं जगविलें. सोरच्या रचना त्यांनींच विकत घेतल्या, मार्टिनचा कारखाना त्यांच्याच बळावर उभा राहिला. ज्या घरांत आठवड्यांतून चार वेळां बेसूर कां होईना, पण स्वतःच्या हातानें कोणी वाजवितें, त्या घरांतील माणसें थोर कलावंताच्या मैफलींतहि अधिक जाणत्या कानानें बसतात. भिंतीवर टांगलेल्या उंची वाद्यानें मात्र आजवर कोणाचाहि कान तयार झालेला नाहीं.