जकातनाक्यापासून अनुदानापर्यंत

गावात शिरणाऱ्या मालावर वेशीवरच वसूल होणारी जकात हा महाराष्ट्रातला एक जुना कर. मराठेशाहीत माल भरला जाई तिथे थळभरीत आणि विकला जाई तिथे थळमोड, असे तिचे प्रकार होते. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील अंतर्गत वाहतुकीवरची जकात १८३८ मध्ये उठवली. पुढे नगरपालिका आल्या आणि शहरांच्या वेशीवर जकात पुन्हा उभी राहिली. दिवाबत्ती, नळाचे पाणी, गटारे, झाडलोट यांसाठी लागणारा रोजचा पैसा तिच्याइतक्या सहजपणे दुसऱ्या कोणत्याच कराने मिळत नव्हता.

या सहजतेत राजकारणही होते. घरपट्टी चार आण्यांनी वाढली तरी नगरसेवकाच्या दारात माणसे जमत. जकात मात्र मालाच्या किमतीत मिसळून जाई. खरेदी करणाऱ्याला ती दिसत नसे आणि नाक्यावर पैसे मोजणारा ट्रकचालक बहुधा परगावचा, म्हणजे मतदार नसलेला. त्यामुळे घरपट्टीचे दर वर्षानुवर्षे तसेच ठेवून जकातीवर शहर चालवण्याची सवय नगरपालिकांना लागली. मुंबईत जकात १९६५ पासून सुरू झाली आणि पुढे तोच महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत ठरला.

कर म्हणून जकात वाईटच होती, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नव्हता. १९२४-२५ च्या कर चौकशी समितीपासून तिच्यावर टीका होत आली. दहिसर, मुलुंड, मानखुर्द, ऐरोली इथल्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, डिझेल आणि वेळ वाया जाई, तपासणीच्या नावाखाली चिरीमिरी चाले. शहरात न थांबता पुढे जाणाऱ्या मालालाही हद्द ओलांडेपर्यंत एस्कॉर्ट फीचा भुर्दंड पडे. काही महापालिकांनी वसुली ठेक्याने दिली, तेव्हा ठेकेदारांच्या माणसांची दांडगाईही वाट्याला आली. मध्य प्रदेशाने जकात १९७६ मध्येच काढून टाकली. जकात जावी की राहावी हा प्रश्न मुळात अवघड नव्हताच. तिच्या जागी काय आणायचे, हे ठरवणे अवघड होते. निवडणुकीच्या तोंडावर घेतलेल्या निर्णयात नेमका हाच भाग पुढे ढकलला जातो.

महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १ ऑगस्ट १९९९ पासून रद्द झाली. सप्टेंबरमध्ये विधानसभेचे मतदान होते. मागणी जुनी होती, व्यापारी आणि वाहतूकदार संघटित होते आणि कर उठवल्याचे श्रेय एका दिवसात मिळणारे होते. महापालिकांची जकात मात्र तशीच राहिली. एवढी मोठी रक्कम तिजोरीतून भरून देणे राज्याला झेपणारे नव्हते. गुजरातेतही हाच क्रम दिसतो. तिथे नगरपालिकांची जकात आधी गेली, तर महानगरपालिकांची नोव्हेंबर २००७ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर.

जकात गेली म्हणून दुसऱ्या दिवशी कुठल्याही गावाचे नळ कोरडे पडले नाहीत. बुडालेल्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देऊ लागले आणि कारभार चालू राहिला. परिणाम सावकाश दिसला. जकात गावाच्या बाजारपेठेबरोबर आपोआप वाढत असे: नवी गिरणी, नवा बाजार, वाढलेली वस्ती, की नाक्यावरचा भरणाही वाढला. अनुदान मंत्रालयातल्या आदेशाने वाढते आणि तिथल्या सोयीने पोहोचते. ते आले की त्यातून आधी पगार भागवायचे. उशीर झाला की सफाई कामगारांचे पगार थकतात आणि जलवाहिनीच्या दुरुस्तीची फाईल मागे पडते. नवी पाण्याची टाकी, भुयारी गटार, बाजारपेठेची इमारत अशा कामांसाठी योजनेची वाट पाहायची. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी १८ विषयांची यादी केली होती, पण त्यांच्यासाठी करांची तशी वेगळी यादी दिली नाही. जी साधने हातात होती त्यांतले मोठे साधन काही वर्षांतच गेले.

महापालिकांसाठी पर्याय म्हणून स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. नाका नाही, रांग नाही. व्यापाऱ्याने आपल्या हिशेबावरून स्वतः कर भरायचा. कागदावर ही सुधारणा होती. एप्रिल २०१३ मध्ये ती पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आली तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. आणखी एक नोंदणी, आणखी एक विवरणपत्र आणि दुकानात शिरून तपासणी करू शकणारा महापालिकेचा अधिकारी, हे त्यांना नको होते. जकात परगावचा ट्रकवाला भरत होता. एलबीटी भरणारा शहरातला मतदार होता आणि त्याची संघटनाही होती. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एलबीटी रद्द करण्याचे आश्वासन म्हणूनच प्रचारात आले.

नव्या सरकारने १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना हा कर माफ केला. मुंबई वगळता २५ महापालिकांमध्ये फक्त बडे व्यापारी आणि उद्योग कराच्या कक्षेत उरले. त्या आर्थिक वर्षाच्या उरलेल्या आठ महिन्यांसाठी सुमारे २,०४८ कोटी रुपयांची भरपाई राज्याने पुरवणी मागण्यांतून उभी केली. जमीन-घरांच्या व्यवहारांवरचा मुद्रांक शुल्कातला एक टक्का अधिभार मात्र चालू राहिला. घर घेणारे एकेकटे असतात. त्यांची संघटना नसते.

मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर संपली. तिच्यापासून महापालिकेला वर्षाला सुमारे ७,००० कोटी रुपये मिळत होते. हा बदल निवडणुकीच्या घाईत झाला नाही, आणि त्याचा फरक व्यवस्थेत दिसतो: भरपाईसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला, २०१६-१७ हे आधारवर्ष धरले आणि दरवर्षी आठ टक्के वाढ कायद्यातच घातली. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा धनादेश महापालिकेच्या मुख्यालयात समारंभपूर्वक देण्यात आला. पूर्वी जे पैसे महापालिकेचे कर्मचारी स्वतःच्या नाक्यावर गोळा करत, ते आता राज्याच्या अर्थमंत्र्यांच्या हस्ते स्वीकारायचे होते.

जकात गेल्यावर महापालिकेच्या हाती उरलेला मोठा कर म्हणजे मालमत्ता कर, आणि पुढची सवलत नेमकी त्यावर आली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचे आश्वासन २०१७ च्या महापालिका निवडणुकीत दिले गेले. मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या आधी, राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण माफी मिळाली ती केवळ सर्वसाधारण कराची. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात पाणीपट्टी, मलनिस्सारण, शिक्षण उपकर, पथकर, वृक्ष उपकर अशी सेवांच्या नावांची वेगवेगळी कलमे असतात. ती शिल्लक राहिल्यामुळे माफी जाहीर होऊनही बिल येतच राहिले आणि लोक चिडले. अखेर जानेवारी २०२२ मध्ये संपूर्ण कर माफ झाला. लाभ १६ लाखांहून अधिक घरांना. महापालिकेचा वार्षिक तोटा सुमारे ४१७ कोटी आणि राज्याचा सुमारे ४५ कोटी. या वेळी बुडीत रक्कम भरून देणारे दुसरे कोणी नव्हते. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा देण्यात गैर काही नाही, पण ५०० फुटांची मर्यादा क्षेत्रफळाची आहे, ऐपतीची नाही. दक्षिण मुंबईतले महागडे छोटे घर आणि मानखुर्दमधले तेवढेच घर तिने एका पंक्तीला बसवले. जिच्यासाठी ही घाई झाली ती निवडणूक मात्र वेळेवर झालीच नाही. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि महापालिका प्रशासकाच्या हाती गेली.

ऑक्टोबर २०२४ मधला टोलमाफीचा निर्णय याच मालिकेतला, फक्त आणखी घाईचा. मुंबईत येताना दहिसर, मुलुंडमधले दोन, ऐरोली आणि वाशी या पाच नाक्यांवर उड्डाणपुलांच्या खर्चापोटी टोल घेतला जाई. हलक्या वाहनांना तो माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने १४ ऑक्टोबरला घेतला आणि त्याच मध्यरात्रीपासून अमलात आणला. १५ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि आचारसंहिता लागू झाली. वसुलीचा ठेका आधीच दिलेला असल्याने हलक्या वाहनांचा बुडालेला टोल ठेकेदाराला भरून देण्याची जबाबदारी सरकारवर आली. जड वाहनांचा टोल चालूच राहिला.